फुलपाखरांची सहल कशी असावी?

'सहल' हा शब्द वर्गात नुसता उच्चारला, तरी मुलांच्या मुखावर जो आनंद प्रकट होतो, तो गणिताचे उत्तर बरोबर आल्यानेही होत नाही. हा आनंद स्वाभाविक आहे, आणि तो हिरावून घ्यावा असे कोणताही समंजस शिक्षक म्हणणार नाही. परंतु सहलीहून परतताना विद्यार्थ्यांच्या पदरी काय पडते, आणि कोणाच्या पदरी काहीच पडत नाही, याचा विचार आपण शिक्षक व पालक क्वचितच करतो. फुलपाखरे व चतुर पाहण्याकरिता एक सहल काढावी, अशी मागणी यंदा आठवी-नववीच्या मुलामुलींनी केली आहे. ती कशी असावी याविषयी माझे मत मी या वार्षिकाच्या द्वारे विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवू इच्छितो.

माझे मत थोडक्यात असे आहे: ही सहल जवळची असावी, थोड्या मुलांची असावी, बिनखर्चाची असावी, आणि तिच्यात प्रत्येकाचे हात रिकामे असावेत. हे मत मला कोणत्याही पुस्तकाने दिलेले नाही. ते एका विद्यार्थ्याने दिले आहे. म्हणून प्रथम ती हकीकत सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांमागे मी स्वतःच अशी एक सहल मोठ्या उत्साहाने काढली होती. पन्नास मुले, एक मोटार आणि चिखलदरा! समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरचे ते ठिकाण म्हणजे विदर्भाचे नंदनवन; तेथे फुलपाखरांस काय तोटा, असा माझा हिशेब. पहाटे पाच वाजता आम्ही अमरावती सोडली, परतवाडा मागे टाकून घाट चढलो, आणि वर पोहोचलो तो चहूकडे दाट धुके! ऑगस्टचा महिना, अंगास झोंबणारा गार वारा, आणि दहा पावलांवरचा माणूस दिसू नये अशी स्थिती. एकही फुलपाखरू आमच्या दृष्टीस पडले नाही. मुलांनी गाणी म्हटली, चिवडा खाल्ला, दरीच्या काठी एकमेकांची छायाचित्रे काढली, आणि रात्री आम्ही परत आलो. मुले आनंदात होती; मीही सहल यशस्वी झाली असे मुख्याध्यापकांस कळविले.

सोमवारी वर्गात मी सहलीचा वृत्तांत लिहावयास सांगितला. तिघे मुलगे सहलीस आले नव्हते. त्यांस मी म्हटले, "तुम्ही रविवारी काय पाहिले ते लिहा." त्यांतील एकाने जेमतेम अर्धे पान लिहिले. त्याच्या घरामागील नाल्यावर एक चतुर एकाच जागी घिरट्या घालीत होता व मधूनमधून शेपटीचे टोक पाण्यास टेकवीत होता. असे तिने अकरा वेळा केले, ती मादी असावी व अंडी घालीत असावी, असा त्या अर्ध्या पानाचा मजकूर होता. आरंभी 'होता' आणि शेवटी 'ती' असे लिहिल्याबद्दल मी त्याच्या वहीत तांबडी रेघ ओढली. वही परत घेताना तो हळूच म्हणाला, "सर, चिखलदऱ्याले चतुर होते काय? आमच्या घरामागं त लय हायेत जी."

मला उत्तर देता आले नाही. चतुराची मादी अंडी घालताना मी तोवर कधी पाहिली नव्हती. त्याने व्याकरण चुकविले होते; परंतु नर समजून पाहावयास लागलेला तो किडा मादी आहे, हे त्याने लिहिता लिहिता निरीक्षणावरून ओळखले होते. मी ज्यास चूक समजलो, तो त्याचा शोध होता.

तो सहलीस का आला नाही, हे मला मागाहून कळले. 'पोट दुखत होते' असे त्याने सांगितले होते. वस्तुतः त्याची आई निंदणास जात असे, आणि सहलीची वर्गणी म्हणजे तिची कित्येक दिवसांची मजुरी होती. आईस ते पैसे मागण्यापेक्षा मुलाने पोटदुखी पत्करली. निसर्गाने कोणासही तिकीट लावलेले नाही; ते आम्ही लावले, आणि ते परवडत नाही म्हणून एका सरळ मुलास खोटे बोलावे लागले. हा दोष सर्वस्वी माझा होता.

आता पहिला मुद्दा घेऊ: सहल जवळची का असावी? कारण जे पाहावयाचे ते जवळच आहे. अमरावतीच्या पूर्वेस वडाळी तलाव व छत्री तलाव आहेत, आणि त्यांच्या पाठीशी पोहऱ्याच्या टेकड्या आहेत. अकोल्याच्या पालकांस मोर्णेचा काठ आहे, व थोडे दूर महान गावाजवळ काटेपूर्णेचे धरण व अभयारण्य आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे डी'आब्रू यांनी १९३१ साली तत्कालीन मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यानंतर अलीकडच्या अभ्यासकांनी विदर्भात फुलपाखरांच्या दीडशेहून अधिक जाती नोंदविल्या आहेत. त्यांपैकी वीस-पंचवीस जाती एका सकाळी गावाच्या शिवेवर दिसणे मुळीच अशक्य नाही.

किंबहुना, गावाच्या शिवेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. फुलपाखरू शोधावयाचे असेल तर प्रथम त्याच्या सुरवंटाचे खाद्य शोधावे. रस्त्याकडेच्या रुईवर बिबळ्या कडव्याचा सुरवंट असतो. परसातल्या एरंडावर, गोडलिंबावर आणि पावसाळ्यात माजणाऱ्या तरोट्यावर निरनिराळ्या फुलपाखरांचे संसार चाललेले असतात. घोळीची भाजी आपण खातो. 'डॅनाइड एगफ्लाय' नावाच्या एका फुलपाखराचा सुरवंटही तीच खातो. या फुलपाखराची मादी पाहावी तर हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी! रुईचा विषारी चीक अंगी मुरल्याने कडवा पक्ष्यांस कडू लागतो. म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. ही घोळीवर वाढलेली मादी कडू नाही, पण कडव्याचा वेष घेऊन ती आपला जीव वाचविते. रामलीलेतल्या सोंगांस आपण टाळ्या देतो. हे सोंग आपल्या परसात चालते आणि आपण त्याकडे पाठ करून बसतो.

मी मेळघाटाचा अनादर करीत नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची योजना निघाली, तेव्हा देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटाची निवड झाली, हे वऱ्हाडाचे भूषण आहे. तेथे अवश्य जावे. परंतु ज्याने आपल्या दारातली रुई पाहिली नाही, त्यास मेळघाटाचे अरण्य म्हणजे केवळ पुष्कळसा हिरवा रंग! अक्षरे ओळखल्यावाचून ग्रंथालयात जाऊन काय उपयोग?

दुसरा मुद्दा वेळेचा. कीटकांचे रक्त आपल्यासारखे सदा उष्ण नसते. फुलपाखरास उडावयाचे तर अंग आधी उन्हाने तापवावे लागते. म्हणून सकाळी ते पानावर पंख पसरून ऊन खात बसते. पहाटे पाच वाजता मुलांस उठवून नेणारा शिक्षक, म्हणजे मी, फुलपाखरांच्या निद्रेची वेळ निवडीत होता. योग्य वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा. ऋतू म्हणाल तर पोळा झाल्यावर आणि दसऱ्यापूर्वी, किंवा दिवाळीनंतर लगेच. पाऊस सरत आलेला, रानफुले फुललेली, डबकी भरलेली असा तो काळ असतो. आभाळ भरून आले असेल तर सहल बेशक पुढे ढकलावी. मोटार ठरविलेली असली म्हणजे ती पुढे ढकलता येत नाही, पायी जावयाचे असले म्हणजे येते; जवळच्या सहलीचा हा आणखी एक लाभ.

तिसरा मुद्दा संख्येचा. पन्नास मुलांचा तांडा जेथून जातो तेथे पाचोळ्याखेरीज काही शिल्लक राहत नाही. चतुराचे डोळे त्याच्या डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. मोठ्या चतुराच्या एकेका डोळ्यात २८,००० च्या आसपास सूक्ष्म भिंगे असतात. त्याच्या नकळत धावत जाऊन त्यास गाठणे कोणास साधणार? पण जो सावकाश चालतो, आपली सावली त्याच्यावर पडू देत नाही, आणि तीन हातांवर स्तब्ध बसतो, त्याच्यासमोर तोच चतुर पुनःपुन्हा येऊन एकाच काडीवर बसतो. म्हणून एका वेळी वीसच मुले न्यावीत, त्यांच्या पाच-पाचांच्या टोळ्या कराव्यात, आणि दोन शिक्षक बरोबर असावेत. बाकीच्यांनी काय करावे, असे कोणी विचारील. त्यांनी पुढच्या शनिवारी जावे. चार शनिवारांत ऐंशी मुले होतील, आणि मोटारीस एक पैसाही लागणार नाही. त्यातही गंमत अशी की, प्रत्येक शनिवारी तेच तळे निराळे दिसेल.

चौथा मुद्दा रिकाम्या हातांचा. आणि येथे मला आणखी एक कबुली द्यावयाची आहे. एका प्रदर्शनात एका विद्यार्थ्याने काचेच्या पेटीत टाचण्यांनी खिळलेली तीस फुलपाखरे मांडली होती. पेटी देखणी होती. मी तिला पहिले बक्षीस दिले. दुसऱ्या वर्षी तशा अनेक पेट्या आल्या. बक्षीस मी एका मुलास दिले, पण शिकवण साऱ्या शाळेस दिली, आणि ती चुकीची होती. शास्त्रज्ञांस क्वचित नमुना घ्यावा लागतो, हे खरे. एफ. सी. फ्रेझर हे व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी १९३३ ते १९३६ या काळात हिंदुस्थानातील चतुरांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि तो आजही अभ्यासकांस आधार वाटतो. परंतु फ्रेझर यांचा नमुना जगाच्या ज्ञानात भर घालीत होता. आमच्या पेट्या केवळ भिंतीची शोभा वाढवीत होत्या. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही फुलपाखरांसही अभय दिले आहे. पण कायद्याच्या भयाने हात आवरणे निराळे, आणि समोरचा जीव आपल्यासारखाच कोणा एका निर्मात्याच्या हातचा आहे हे जाणून आवरणे निराळे. मला दुसरे हवे आहे.

चतुराच्या शेपटीस दोरा बांधून त्याचा पतंग करणे हा आपल्याकडील मुलांचा जुना खेळ. लहानपणी मीही तो खेळलो आहे. पाऊस उघडल्यावर मैदानावर पिवळसर रंगाच्या चतुरांचे थवे तासनतास न बसता घिरट्या घालीत असतात. आमचा दोरा बहुधा त्यांच्यातल्याच कोणाच्या वाट्यास येई. या जातीस शास्त्रज्ञ 'पँटाला फ्लॅवेसेन्स' म्हणतात. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास मालदीव बेटांवर, जेथे गोड्या पाण्याचे साठे जवळजवळ नाहीत, हे चतुर लक्षावधींनी कोठून येतात, याचा मागोवा चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने अनेक वर्षे घेतला आणि २००९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात पावसाच्या डबक्यांत जन्मलेले हे चतुर परतीच्या वाऱ्यावर स्वार होऊन, हिंदी महासागर ओलांडून, पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत; आणि त्यांची पुढची पिढी पुढील मोसमी वाऱ्यांबरोबर इकडे परतत असावी, असा तो निष्कर्ष आहे. एक पिढी निघते, दुसरीच पोहोचते. वाट दाखविण्यास आईबाप नसतात. ज्याच्या वाटेत महासागर होता, त्यास आम्ही चार हातांच्या दोऱ्याने बांधीत होतो! हे ज्या मुलास कळले, त्याच्या हातून दोरा आपोआप गळून पडेल, असा माझा भरवसा आहे.

आता पालकांच्या शंकांकडे वळतो. पहिली शंका अशी की, याचा उपयोग काय? परीक्षेत फुलपाखरांवर किती गुण? गुण फारसे नाहीत, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. परंतु आपण वऱ्हाडात राहतो; आपल्यापैकी बहुतेकांचे घर आज ना उद्या कपाशीच्या, तुरीच्या किंवा संत्र्याच्या जिवावर चालते. संत्र्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी अळी असते, ती लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस रंगाची दुहेरी शिंगे काढून उग्र दर्प सोडते. वरूड-मोर्शीकडील रोपवाटिकांत ती कोवळ्या रोपांचे नुकसान करते, हे खरे. म्हणून तेथे तिला वेचून काढावे लागते. मोठ्या झाडास मात्र तिचे चार घास सोसतात. कपाशीची गुलाबी बोंडअळी ही निराळी. ती रात्री उडणाऱ्या एका लहानशा पतंगाची. आणि चतुर? तो जन्मभर शिकारी: बालपणी पाण्याखाली डासांची पिल्ले खातो, मोठेपणी हवेत डास व इतर किडे टिपतो. म्हणजे एकाच शेतात कोणी शत्रू आहे, कोणी मित्र आहे, आणि कोणी नुसता पाहुणा आहे.

हा भेद न कळण्याची किंमत आपल्या भागाने मोजली आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती, आणि चार मुलांना फुलपाखरे दाखविल्याने ती दूर होतील असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. तथापि ज्या मुलाने अळी पाहिली, ती कोणाची हे ओळखले, आणि तिला खाणारा कोण हेही पाहिले, तो मोठेपणी पंप पाठीस लावण्यापूर्वी निदान एकदा वाकून पान उलटून पाहील. एवढी सवय लागली तरी सहलीचे सार्थक झाले असे मी समजेन.

पाण्याच्या आरोग्याचेही असेच. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याचे नागरिक हजारोंच्या संख्येने मोर्णेच्या स्वच्छतेसाठी नदीकाठी उतरले, ही गोष्ट देशभर गाजली. पाणी कितपत निकोप आहे हे पुढे वर्षानुवर्षे पाहणार कोण? चतुर व टाचण्या यांच्या कित्येक जाती घाण पाण्यात वाढू शकत नाहीत. त्यांची मोजदाद दरवर्षी एकाच ठिकाणी करणारी शाळा आपल्या गावाच्या पाण्याची नाडी हाती धरून बसेल. हे काम आठवीच्या मुलांस सहज साधेल.

दुसरी शंका भीतीची: साप, पाणी आणि वाघरू. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर नुसत्या धीराने नव्हे, व्यवस्थेने दिले पाहिजे. पोहऱ्याच्या रानात बिबट्याचा वावर आहे. म्हणून उजाडण्याच्या व मावळण्याच्या वेळी तिकडे फिरकावयाचे नाही. सुदैवाने फुलपाखरांची वेळ भर दिवसाची आहे. वनखात्याच्या हद्दीत जावयाचे तर आधी लेखी परवानगी घ्यावी, आणि शिक्षकाने आठवडाभर अगोदर ती वाट स्वतः चालून पाहावी. मुलांनी पूर्ण पायाचे बूट, पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घालावेत, मळलेली वाट सोडू नये, दगडाखाली वा बिळात हात घालू नये. तळ्याच्या काठी मुले आणि पाणी यांच्या मध्ये एक शिक्षक सतत उभा राहील. पाण्यापासून दहा हातांच्या आत कोणीही जाणार नाही, पोहता येणाराही नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने गणती होईल. कोणास दमा आहे, कोणास मधमाशीचा दंश बाधतो, हे पालकांनी संमतिपत्रात लिहून द्यावे. आणि काही विपरीत घडलेच, तर जिल्ह्याचे रुग्णालय घटकाभराच्या अंतरावर आहे. घाटाच्या माथ्यावर ते नसते.

सामानाची यादी लहान आहे. पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेली भाकरी किंवा पोळी, टोपी, एक वही, एक शिसपेन्सिल. जाळे नको, डबी नको. भ्रमणध्वनी शिक्षकांजवळ एक असेल. मुलांनी तो आणू नये. छायाचित्र काढण्याच्या घाईत डोळा पाहावयाचे विसरतो, हे आपणा मोठ्या माणसांसही अनुभवाने ठाऊक आहे. त्याऐवजी प्रत्येकाने एकच फुलपाखरू निवडावे, त्याच्याजवळ दहा मिनिटे बसावे, आणि ते पंख मिटून बसते की पसरून, फुलावर बसते की ओल्या मातीवर, एकटे असते की मेळ्याने, हे लिहावे. ओल्या मातीवर मेळ्याने बसलेली फुलपाखरे मातीतील क्षार शोषीत असतात. चतुर व टाचणी यांतील भेद तर पाहताच कळतो: बसताना चतुराचे पंख विमानासारखे पसरलेले असतात, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात, चतुराचे डोळे बहुधा एकमेकांस भिडलेले, तर टाचणीचे दोहोंकडे दोन.

नावांविषयीही माझे मत थोडे निराळे आहे. शिक्षकाने काठी रोखून नावे सांगत सुटू नये. प्रथम मुलांनी आपण पाहिलेल्या जीवास स्वतः नाव द्यावे. परत आल्यावर पुस्तकातील नावाशी ते ताडून पाहावे. नाव द्यावयाचे म्हणजे नीट पाहावेच लागते. शिवाय घरी आजी-आजोबांस विचारावे. त्यांच्याजवळ असे शब्द असतात की जे कोशात सापडत नाहीत. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी विदर्भातील जंगलांत वर्षानुवर्षे राहून वनवासी लोकांच्या तोंडचे असे शब्द वेचले, आणि मराठी भाषा त्याने श्रीमंत झाली. २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य-फुलपाखरू ठरविले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. त्या काळ्या-निळ्या, मोठ्या पंखांच्या फुलपाखरास 'नीलवंत' हे नाव मिळाले. किती गोड नाव! त्याचाही सुरवंट लिंबू-संत्र्याच्याच कुळातील पाने खातो. संत्र्यांच्या आपल्या या मुलखातील एखादा मुलगा वा मुलगी उद्या असेच एखादे नाव देणार नाही कशावरून?

शेवटी, ही सहल एकदाच काढून थांबू नये. वर्षातून एकदा लांब जाण्यापेक्षा वर्षातून सहा वेळा जवळ जावे. सप्टेंबरात जे तळे चतुरांनी गजबजलेले असते तेच मे महिन्यात आटून भेगाळते. मग ते सारे जीव कोठे जातात, हा प्रश्न ज्यास पडला तोच खरा विद्यार्थी. आणि हा प्रश्न पडण्यास एकाच जागी पुन्हा जावे लागते.

त्या अर्ध्या पानाच्या वृत्तांतानंतर पुढल्या रविवारी मी त्या मुलाच्या घरामागील नाल्यावर गेलो होतो. त्याच्या आईने अंगणात खाट टाकली, चहा केला. आम्ही दोघे नाल्याच्या काठी उकिडवे बसलो. पाऊण तास काही आले नाही. मी दोनदा घड्याळ पाहिले, त्याने एकदाही नाही. मग ती आली, पाण्यावर थबकली, आणि तिने शेपटीचे टोक पाण्यास टेकविले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही; तो हलक्या आवाजात मोजू लागला, आणि मीही त्याच्याबरोबर मोजू लागलो.

तेव्हा पालकहो, यंदाच्या सहलीच्या पत्रकात वर्गणीचा आकडा आपणांस दिसणार नाही. शनिवारी सकाळी साडेसात वाजता आपल्या पाल्याच्या हाती एक वही, एक शिसपेन्सिल आणि एक भाकरी द्यावी, आणि सवड असल्यास आपणही यावे. विद्यार्थी मित्रहो, यावेळी पोट दुखण्याचे कारण कोणासही उरलेले नाही. आपण सारे जाऊ.